गाण्यांचे प्रकाशक व्हा! : नॅशव्हिलच्या इच्छुकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! ही मार्गदर्शिका तुम्ही हातात घेतली त्याअर्थी तुम्हाला गाता येत नाही, गिटार धरता येत नाही, कवितेशी तुमचा संबंध शाळेतल्या पाठांतरापुरताच आहे, आणि तरीही अमेरिकेच्या कंट्री संगीताची सेवा करायची तुम्हाला तळमळ आहे. अशा सेवेकऱ्यांसाठी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात ऐंशीहून अधिक वर्षं उत्तम सोय आहे. तुम्ही गाण्यांचे प्रकाशक व्हा. पुढे दिलेल्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मधली पायरी गाळणाऱ्यांना गायक व्हावं लागतं.

धंद्याची तोंडओळख

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तबकडी वेगळी आणि तिच्यावरचं गाणं वेगळं. तबकडी रेकॉर्ड कंपनीची, आवाज गायकाचा. शब्द आणि चाल यांची मालकी हा मात्र तिसराच प्रकार. ही मालकी ज्याच्या कपाटात असते तो प्रकाशक. गीतकार गाणं लिहितो आणि त्याचे हक्क प्रकाशकाच्या नावावर करतो. प्रकाशक ते गाणं गायकांच्या गळ्यात उतरवतो, कोण कुठे वाजवतंय यावर नजर ठेवतो आणि पैसे वसूल करतो. जुन्या रिवाजाप्रमाणे आलेल्या दर डॉलरमधले पन्नास सेंट गीतकाराचे, पन्नास प्रकाशकाचे.

आता आनंदाची बातमी. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकाराला आणि प्रकाशकाला. गायकाला छदामही मिळत नाही, रेकॉर्ड कंपनीलाही नाही. गायक घसा फोडून रडतो, मध्यरात्री ट्रक हाकणारा ते ऐकून रडतो, आणि डोळे पुसत पुसत पैसे तुम्ही मोजता. कंट्री संगीत हे हृदयाचं संगीत आहे असं म्हणतात, ते या अर्थानेही खरं आहे.

आवश्यक साहित्य

एक जुनं बैठं घर, शक्यतो सोळाव्या किंवा सतराव्या ॲव्हेन्यूवर. या भागाला म्युझिक रो म्हणतात. इथली बरीच प्रकाशनगृहं अशा घरांतूनच चालत आली. घरापुढे थोडं अंगण असावं. आपलं गाणं पहिल्या नंबरावर गेलं की गीतकाराच्या नावाचा अभिनंदनाचा फलक तिथे रोवता येतो, आणि शेजारच्या प्रकाशकाला तो खिडकीतून दिसतो.

दोन-तीन लहान खोल्या. सकाळी दहा-अकराच्या सुमारास प्रत्येक खोलीत दोन किंवा तीन गीतकार बसवायचे, दार लावायचं आणि दुपारपर्यंत एक गाणं बाहेर येईल अशी आशा करायची. नॅशव्हिलमध्ये विरहव्यथा अशी वेळापत्रकाप्रमाणे येते.

कॉफी. भरपूर.

एक वकील. याचा पगार गीतकारांपेक्षा जास्त असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

कान. ही वस्तू भाड्याने मिळत नाही. ती नसेल तर बाकीचं साहित्य दुप्पट लागतं.

पायरी पहिली : ज्याला मालक नाही अशी वस्तू शोधा

या शास्त्राचे आद्य गुरू राल्फ पीअर. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन हे गृहस्थ टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी उतरले. टोप्यांच्या एका कंपनीच्या रिकाम्या इमारतीत त्यांनी मुक्काम ठोकला आणि दोन आठवड्यांच्या आत आसपासच्या डोंगरांतल्या मंडळींची ७६ गाणी मुद्रित केली. त्या रांगेत क्षयाने खंगलेला, रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स होता आणि ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि गरोदर भावजय मेबेल असं कार्टर कुटुंबही होतं. कंट्री संगीताचा इतिहास लिहिणारे इथून सुरुवात करतात.

तुम्ही मात्र सुरुवात पीअर यांच्या करारापासून करा. त्यांनी व्हिक्टर कंपनीला सांगितलं, मला पगार नको. मी आणलेल्या गाण्यांचे हक्क तेवढे माझ्याकडे राहू द्या. कंपनीला वाटलं, माणूस स्वस्तात पडला. पीअर यांनी १९२८ मध्ये सदर्न म्युझिक ही प्रकाशनसंस्था काढली आणि पुढे कोण कोणाला स्वस्तात पडलं ते सगळ्यांना कळलं.

यातून कलाकारांसाठी एक नियम निघाला. पीअर यांना गाणं हवं ते नवं, निदान ज्याच्यावर कोणाचा हक्क नोंदलेला नाही असं. दुसऱ्याच्या मालकीचं लोकप्रिय गाणं कितीही गोड गायलं तरी त्यात त्यांचा काय फायदा? मग ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांत फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून जुनी गाणी गोळा करू लागले. सोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेत, रिडल चाल डोक्यात साठवून आणत. घरी आल्यावर गाण्याची डागडुजी होई आणि कागदावर नाव लागे ते कार्टर यांचं. पिढ्यानपिढ्या कोणाचंच नसलेलं गाणं एका सहीने एकाचं झालं, आणि त्याच सहीमुळे ते देशभर ऐकूही गेलं. नवशिक्याने ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायचा सराव करावा. दम लागला तर पहिलं वाक्य गाळू नये. पुष्कळांनी ते गाळलं आहे.

पायरी दुसरी : मोठ्यांनी नाक मुरडलं की तिथेच दुकान थाटा

अमेरिकेत गाण्यांच्या सादरीकरणाचे पैसे वसूल करणारी ॲस्कॅप ही संस्था १९१४ पासून होती. तिचा सगळा ओढा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेकडे आणि हॉलिवूडकडे. डोंगराळ भागातल्या ‘हिलबिली’ गाण्यांच्या आणि ब्लूजच्या रचनाकारांना तिथे सहसा प्रवेश नसे. पुढे ॲस्कॅपने रेडिओवाल्यांकडे दरवाढ मागितली, तेव्हा रेडिओवाल्यांनी १९३९ मध्ये बीएमआय नावाची स्वतःची संस्था काढली, आणि १९४१ चे पहिले दहा महिने मोठ्या नभोवाणी जाळ्यांवर ॲस्कॅपची गाणी वाजलीच नाहीत. हक्काची मुदत संपलेली स्टीफन फॉस्टरची एकोणिसाव्या शतकातली गाणी वाजवून वाजवून श्रोते कावले. बीएमआयला गाणी हवी होती, कोणाचीही, कुठलीही. ज्यांना पुढच्या दाराने घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी मागच्या गल्लीत भलंमोठं फाटक उघडलं.

त्या फाटकापाशी १९४२ मध्ये दोन माणसं उभी होती. एक रॉय एकफ, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाचा लाडका गायक. रेडिओवरून आपल्या गाण्यांची पुस्तिका विकताना टपालाने येणारी नाणी पाहून गाण्यात पैसा असतो हे त्याला उमगलं होतं. दुसरा फ्रेड रोझ. हा शिकागोच्या नाइटक्लबांत पियानो वाजवून आणि हॉलिवूडच्या काउबॉयपटांना गाणी पुरवून आलेला पक्का व्यावसायिक. भांडवल एकफचं, कान रोझचे. एकफ-रोझ ही नॅशव्हिलमधली पहिली मोठी प्रकाशनसंस्था. तिच्याआधी इथला गीतकार हक्क विकायला न्यूयॉर्क, शिकागो किंवा लॉस एंजेलिसला जाई, नाहीतर बारमध्येच कोणाला तरी विकून मोकळा होई.

पायरी तिसरी : गीतकार पाळा

गीतकार ही महाग वस्तू नव्हे, पण निगा फार लागते. त्याला दर आठवड्याला काही रक्कम द्यावी. हा पगार नाही, ही उचल आहे. गाणं चाललं की त्याच्या वाट्यातून ती वळती करून घ्यायची. म्हणजे तो तुमच्या पैशावर जगतो आणि शेवटी स्वतःच्याच पैशावर जगलेला असतो.

पॅम्पर म्युझिक या संस्थेत हँक कॉक्रन नावाचा गीतकार होता. टेक्ससहून आलेला एक कफल्लक तरुण त्याला टूटसीज ऑर्किड लाउंज या बारमध्ये भेटला. कॉक्रन त्याला मालकाकडे घेऊन गेला. मालक म्हणाला, आत्ता परवडणार नाही. आठवड्याला पन्नास डॉलर वाढवायचे आहेत ते तुला. कॉक्रनने सांगितलं, मग माझी वाढ यालाच द्या. त्या तरुणाचं नाव विली नेल्सन. यानेच आधी ‘फॅमिली बायबल’ हे गाणं पन्नास डॉलरला आणि ‘नाइट लाइफ’ दीडशे डॉलरला विकून टाकलं होतं. ‘हॅलो वॉल्स’सुद्धा तो गायक फॅरन यंगला पाचशेला विकायला निघाला होता. यंगने हक्क घेतले नाहीत, उलट पाचशे डॉलर उसने दिले, आणि १९६१ मध्ये ते गाणं गाऊन पहिल्या नंबरावर नेलं. रॉयल्टीचा पहिला धनादेश आल्यावर विलीने यंगला शोधून काढून त्याचा मुका घेतला, असं सांगतात. शब्दशः घेऊन टाकायची ती संधी यंगने सोडली. प्रकाशक म्हणून तुम्ही हे उदाहरण विद्यार्थ्यांना शिकवू नये.

संपादन हाही निगराणीचा भाग आहे. १९४६ मध्ये अलाबामातून हँक विल्यम्स नावाचा हडकुळा पोरगा बायकोला घेऊन फ्रेड रोझकडे आला. रोझ त्या वेळी मुलाबरोबर टेबल टेनिस खेळत होता, असं दंतकथा सांगते. पुढची सहा-सात वर्षं हँक कच्चं गाणं आणायचा आणि रोझ त्याची एखादी ओळ हलवायचा, यमक नीट बसवायचा, एखादं कडवं उडवायचा. कोणत्या गाण्यात किती हात रोझचा यावर अभ्यासक अजून वाद घालतात, कारण पुष्कळ ठिकाणी त्याने सहगीतकार म्हणून सहीच केलेली नाही. नवशिक्यांनी हे अनुकरणीय मानावं की नाही, याचा विचार शेवटच्या स्वाध्यायात करू.

पायरी चौथी : गाण्याचं जमवा

आता मुख्य काम. गाणं कपाटात ठेवून उपयोग नाही. ते गायकाच्या पदरात पडायला हवं. हे काम करणाऱ्याला नॅशव्हिलमध्ये सॉंग प्लगर म्हणतात, आणि लग्नं जुळवणाऱ्या मध्यस्थाला ओळखणाऱ्याला त्याची कामगिरी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तो सकाळी बाहेर पडतो, पिशवीत चार-पाच गाणी. या निर्मात्याकडे जा, त्या गायिकेच्या नवऱ्याला भेट. मुलगी सुगरण आहे म्हणावं तसं ‘गाणं अगदी तुमच्यासाठीच लिहिलंय’ म्हणायचं, आणि हेच वाक्य त्याच दुपारी आणखी तीन घरी म्हणायचं. फोटोच्या जागी डेमो असतो : भाड्याच्या वादकांवर आणि गोड गळ्याच्या डेमो गायकावर खर्च करून बनवलेला, मूळ स्वरूपापेक्षा जरा उजळ. समोरच्या पक्षाला पसंत पडलं तर ते गाणं ‘होल्ड’वर ठेवतात. म्हणजे नक्की नाही, पण दुसरीकडे दाखवू नका. होल्डमध्ये महिनोन्‌महिने जातात, आणि एक दिवस कळतं की तिकडे दुसरंच ठरलं.

डेमो गायक निवडताना जपून. गार्थ ब्रुक्स नाव व्हायच्या आधी असे डेमो गात असे. त्यांतलाच एक होता ‘फ्रेंड्स इन लो प्लेसेस’चा. मध्यस्थाच्या बरोबर स्थळ दाखवायला आलेल्यानेच मुलगी पसंत केली म्हणायची. १९९० मध्ये त्याच गाण्याने ब्रुक्सला देशभर नेलं.

नकार पचवायची तयारी हवी. फेलिस आणि बूड्लो ब्रायंट हे जोडपं १९५० मध्ये नॅशव्हिलला आलं. स्वतः न गाता केवळ गाणी लिहून पोट भरणारे इथले ते पहिले. त्यांचं ‘बाय बाय लव्ह’ सुमारे तीस जणांनी नाकारलं, असं सांगितलं जातं. मग केंटकीच्या एव्हर्ली भावांनी ते १९५७ मध्ये गायलं आणि जगभर पोहोचवलं. व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीला संगणक सांभाळणाऱ्या डॉन श्लिट्झने १९७६ मध्ये ‘द गॅम्बलर’ लिहिलं. गायक केनी रॉजर्सपर्यंत यायला त्याला दोन वर्षं लागली. प्लगर थकला असता तर जुगाऱ्याने सांगितलेलं शहाणपण नॅशव्हिलच्या एका कपाटातच राहिलं असतं.

काही जण घाई करतात. क्रिस क्रिस्टॉफरसन रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून, सैन्यात हेलिकॉप्टर चालवून शेवटी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडलोट करत होता. गायक जॉनी कॅशला गाणं ऐकवायला त्याने कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवलं. हातात बिअर होती, असं कॅश सांगत. कॅश घरात नव्हताच, असं क्रिस्टॉफरसन सांगे. हा उपाय परिणामकारक असला तरी इंधनाचा खर्च उचलीतून वळता होणार नाही, याची गीतकाराला आधीच लेखी कल्पना द्यावी.

आज हेलिकॉप्टरऐवजी ब्लूबर्ड कॅफेला जातात. १९८२ मध्ये सुरू झालेली ही जागा एका साध्या दुकानरांगेत आहे आणि आत नव्वदच्या आसपास माणसं मावतात. मधोमध गीतकार गोल करून बसतात, आळीपाळीने स्वतःची गाणी गातात, आणि श्रोत्यांपैकी कोणी बोललं तर त्याला गप्प केलं जातं. संपूर्ण अमेरिकेत गीतकाराचं बोलणं मध्ये न तोडता ऐकतात अशा फार जागा नाहीत. तिथल्या अंधारात कुठल्यातरी टेबलाशी बसलेला प्रकाशकही तुम्हाला दिसेल. असा प्रकाशक वय बघत नाही : टेलर स्विफ्टशी एका प्रकाशनसंस्थेने गीतकार म्हणून करार केला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शाळा सुटली की गाणी लिहायला यायची.

पायरी पाचवी : कंट्री गाणं कंट्रीबाहेर काढा

खरी कमाई आणि खरा प्रसार इथे होतो. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ १९४६ मध्ये पी वी किंग आणि रेड स्ट्युअर्ट यांना प्रवासात सुचलं. शब्द काडेपेटीच्या उलगडलेल्या कव्हरावर लिहिले गेले. एकफ-रोझने ते घेतलं. कंट्रीच्या श्रोत्यांना ते आवडलंच होतं, पण १९५० मध्ये पॅटी पेज या पॉप गायिकेने ते एका नाताळगीताच्या मागच्या बाजूला भरायचं म्हणून गायलं. नाताळगीत विसरलं गेलं, मागची बाजू लाखोंनी खपली. १९६५ मध्ये ते टेनेसीचं राज्यगीत झालं. काडेपेटीपासून विधिमंडळापर्यंतचा हा रस्ता प्रकाशकाच्या कपाटातून गेला.

फ्रेड रोझचा मुलगा वेस्ली मुळात हिशेबनीस. त्याला गाण्यातलं कळत नव्हतं, असं त्याचे शत्रू म्हणत. आकड्यांतलं कळत होतं, हे मित्रही मान्य करत. त्याने हँक विल्यम्सचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ न्यूयॉर्कला नेलं. बहुतेकांनी हे गावठी प्रकरण इथे चालणार नाही म्हणून परत पाठवलं. कोलंबियाच्या मिच मिलरने ते तरुण टोनी बेनेटच्या गळ्यात घातलं. बेनेटलाही ते फारसं नको होतं. १९५१ मध्ये ते पॉपच्या यादीत पहिलं आलं. ज्या श्रोत्याने आयुष्यात कंट्री रेकॉर्ड विकत घेतली नसती, तो व्हायोलिनच्या ताफ्याआडून हँक विल्यम्सचंच दुःख ऐकत होता. गायकाचा आवाज त्याच्या प्रांताबाहेर अडखळतो. गाण्याला दुसरा आवाज दिला की ते पुढे जातं. कंट्री संगीत देशाचं झालं ते ज्यांच्यामुळे, त्यांत हे पिशवी घेऊन फिरणारे लोक बरेच वर बसतात.

परदेशातही खाती उघडा. गाणं कुठल्या समुद्राकाठी जाऊन वाजेल ते सांगता येत नाही. जिम रीव्हजचा मखमली आवाज एके काळी गोव्यातल्या आणि वांद्र्याच्या घराघरांतल्या ग्रामोफोनवर असे. असं गाणं परक्या देशात वाजतं तेव्हा तिथल्या हक्कसंस्थेने वसूल केलेला वाटा मूळ प्रकाशकापर्यंत यावा, अशी व्यवस्था करून ठेवायची असते. मुंबईत १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था तेच काम करते.

पायरी सहावी : एकट्याने नका, संघटनेने ओरडा

१९५० च्या दशकाच्या मध्यावर रॉक अँड रोलने कंट्रीची रेडिओवरची जागा खाल्ली. तेव्हा १९५८ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या संचालक मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला आपला हिशेबनीस वेस्ली रोझ. या मंडळींनी गायकांची थोरवी सांगत बसण्याऐवजी जाहिरातदारांना बोलावून आकडे दाखवले : हा श्रोता गरीब अडाणी नाही, हा साबण घेतो, टायर घेतो, ट्रक घेतो. १९६१ मध्ये दिवसभर फक्त कंट्री वाजवणारी ८१ रेडिओ केंद्रं होती. १९६९ मध्ये ती सहाशेच्या वर गेली. आणि प्रत्येक केंद्रावर प्रत्येक वेळी गाणं वाजलं की कोणाला पैसे मिळतात, हे तोंडओळखीत सांगून झालं आहे.

पायरी सातवी : बाहेरचे वाटेकरी ओळखा

प्रकाशकाने गाण्यात वाटा घ्यावा हा धर्म. दुसऱ्याने घ्यावा ही लबाडी. ज्युलियन आणि जीन आबरबाख या व्हिएन्नाहून आलेल्या भावांनी १९४० च्या दशकात हिल अँड रेंज ही संस्था काढली आणि नवी युक्ती शोधली : नामवंत गायकालाच त्याच्या नावाच्या प्रकाशनसंस्थेत भागीदार करायचं. मग गायक आपणहून म्हणू लागला, गाणं गातो, पण हक्कातला हिस्सा इकडे द्या. एल्व्हिस प्रेस्लीच्या बाबतीत हे इतकं रुळलं की ‘हार्टब्रेक हॉटेल’च्या श्रेयात न लिहिणाऱ्या एल्व्हिसचं नाव गीतकार म्हणून लागलं. १९५६ मधल्या या गाण्याने ट्री पब्लिशिंग या लहानशा नॅशव्हिलकर संस्थेचे दिवस पालटले, म्हणून तिथे कोणी तक्रार केली नाही.

श्रेय कधी अचानकही येतं. रेकॉर्ड कंपनीचे मालक फ्रेड फॉस्टर यांनी आपल्या इमारतीतल्या एका सचिव बाईंच्या नावावरून क्रिस्टॉफरसनला शीर्षक सुचवलं. त्यातून ‘मी अँड बॉबी मॅगी’ झालं आणि सहगीतकारांत फॉस्टर यांचंही नाव लागलं. तेव्हापासून म्युझिक रोवरचे सचिव आपापली नावं मोठ्याने उच्चारतात, असं आमचं निरीक्षण आहे.

वारंवार होणाऱ्या चुका

एक : एकाच वेळी दोन खुर्च्यांत बसणे. जिम डेनी ग्रँड ओल ऑप्री चालवायचा आणि गायक वेब पीअर्सबरोबर सीडरवुड ही प्रकाशनसंस्थाही चालवायचा. मालकांनी १९५६ मध्ये त्याला घरी पाठवलं. तो जेमतेम गल्ली ओलांडून पूर्णवेळ प्रकाशक झाला.

दोन : कपाटाला कुलूप लावणे. वेस्ली रोझ हा एव्हर्ली भावांचा व्यवस्थापकही होता. १९६१ मध्ये भावांनी ‘टेम्प्टेशन’ हे एकफ-रोझचं नसलेलं गाणं रेकॉर्ड केलं. वाद पेटला, संबंध तुटले, आणि ब्रायंट जोडप्याची नवी गाणी भावांना मिळेनाशी झाली. दोघांच्याही कारकिर्दीचं यात नुकसान झालं. कपाट गाण्यासाठी असतं, सूडासाठी नाही.

तीन : डॉली पार्टनला कमी लेखणे. या बाईंनी काका बिल ओवेन्सबरोबर तरुणपणीच स्वतःची प्रकाशनसंस्था काढली होती. १९७४ मध्ये ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ गाजल्यावर एल्व्हिसला ते गायचं होतं. त्याचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांनी प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले. डॉली रात्रभर रडली आणि सकाळी नाही म्हणाली. १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं. ते अमेरिकेत चौदा आठवडे पहिलं होतं, आणि प्रकाशकाचा सगळा वाटा डॉलीकडे गेला. या मार्गदर्शिकेतला हा एकमेव परिच्छेद गीतकारांना दाखवू नये.

हिशेब आणि समारोप

एका तबकडीमागे गाण्याचा कायदेशीर दर १९०९ पासून १९७७ पर्यंत दोन सेंट होता. जगाने दोन महायुद्धं पाहिली, माणूस चंद्रावर गेला, दर दोन सेंटच. २००६ ते २०२२ तो ९.१ सेंट राहिला, त्यानंतर बारा सेंटच्या पुढे गेला. ही चिल्लर पाहून नाउमेद होऊ नका. चिल्लर टिकाऊ असते. हँक विल्यम्स एकोणतिसाव्या वर्षी, १ जानेवारी १९५३ ला, गाडीच्या मागच्या आसनावर मेला. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’चे अमेरिकेतले हक्क २०४६ अखेरपर्यंत जिवंत आहेत.

शेवटी दुकान विका, नाहीतर राखा. ट्री १९८९ मध्ये सोनीच्या ताब्यातल्या सीबीएस रेकॉर्ड्सकडे गेली. एकफ-रोझ १९८५ मध्ये ग्रँड ओल ऑप्रीच्या मालकांकडे आणि २००२ मध्ये सोनी/एटीव्हीकडे. त्या काळी सोनी/एटीव्हीत निम्मा भागीदार होता मायकेल जॅक्सन. म्हणजे अलाबामातल्या काउबॉय टोपीवाल्याचं रडणं काही वर्षं चांदणचालीच्या बादशहाच्या हिशेबातही जमा होत होतं. पीअर यांची संस्था मात्र शतकाच्या उंबरठ्यावरही त्यांच्याच घराण्याच्या हातात आहे.

स्वाध्याय

(पुस्तक न पाहता सोडवा. प्रत्येक प्रश्नाच्या गुणांतले निम्मे प्रकाशकाचे.)

१. डोंगरातल्या म्हातारीचं गाणं, रिडलची स्मरणशक्ती, कार्टरची सही, पीअरचा करार. गाणं कोणाचं? वकिलाच्या उपस्थितीत उत्तर द्या.

२. तीस जणांनी नाकारलेलं गाणं तुम्ही एकतिसाव्याकडे न्याल का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी पुढचा प्रश्न सोडवू नये.

३. नॅशव्हिलचं कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम १९६१ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत तीन नावं होती : जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि फ्रेड रोझ. पहिल्या दोघांच्या आवाजाने लोक रडले. तिसऱ्याने दुसऱ्याच्या गाण्यातली ओळ नीट केली, खाली सही केली नाही, आणि गाणं पिशवीत घालून पुढच्या दारावर पाठवलं. हे वागणं धंद्याला धरून होतं की धंद्याच्या विरुद्ध? सकारण लिहा. या प्रश्नाचं उत्तर ज्याला दोन्ही बाजूंनी लिहिता येईल, त्याने सोळाव्या ॲव्हेन्यूवर घर बघायला हरकत नाही.